बाथरूमला मोठ्या साइझच्या टाइल्स (४ बाय ८, २.५ बाय ५ वगैरे) – भिंतीला आणि फरशीला – सल्ला हवाय

अबोली

नमस्कार मंडळी, घरात सध्या याच विषयावर खल चाललाय आणि कुणाचंच कुणाशी पटत नाहीये म्हणून धागा काढतेय. पुण्यात सिंहगड रोडला आमचा फ्लॅट आहे, चौथा मजला, बिल्डिंग २००८ ची. खालच्यांच्या छताला ओल आलीय त्यामुळे दोन्ही बाथरूम पूर्ण उकरून नवीन करायचीत. बेडरूमचं ५ बाय ८ आणि कॉमन ४ बाय ७. आत्ता बिल्डरने लावलेल्या ८ बाय १२ इंचाच्या टाइल्स आहेत, टाइल्समधले सांधे सगळे काळे पडलेत, किती घासलं तरी आठवड्यात परत तेच.

नवऱ्याचं म्हणणं जॉइंटच नकोत. शोरूमवाल्याने ४ बाय ८ फुटाची टाइल दाखवली (१२०० बाय २४०० एमएम), खरंच अप्रतिम दिसते, भिंतभर एकच दगड असल्यासारखी, आणि तो म्हणतोय खाली पण हीच टाका म्हणजे सगळं एकसंध दिसेल. आमचे मिस्त्री म्हणतात २ बाय ४ च्या वर जाऊ नका, गेलात तर लावून देतो पण जबाबदारी घेणार नाही. आणि घरात सासूबाई आहेत, ७४ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे घसरण्याचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात आधी.

कुणी घरी लावल्यात का एवढ्या मोठ्या? काय बघून घ्यायचं, कुणाकडून लावून घ्यायच्या, आणि फरशीला खरंच चालतात का? जरा सविस्तर लिहा प्लीज.

साइटवरचा

अबोलीताई, मी नाशिकला बांधकाम साइटवर असतो. डिझाइन पसंत करणं अगदी शेवटी ठेवा, आधी टेप घ्या आणि लिफ्टपाशी जा.

४ बाय ८ ची एक टाइल म्हणजे २.८८ चौरस मीटर. ९ एमएम जाडी असेल तर एका नगाचं वजन साधारण ६० किलो, ६ एमएमची घेतली तर ४० च्या आसपास. घरगुती बिल्डिंगच्या लिफ्टचा दरवाजा बहुतेक २ मीटर उंच असतो, म्हणजे २.४ मीटरची टाइल उभी जाणार नाही, आणि आडवी टेकवायला आत तेवढी खोली नसते. मग जिना. कारपेंटर तुम्हाला सांगेल की ८ बाय ४ चा प्लाय आम्ही रोज जिन्याने चढवतो, पण प्लाय वळणावर वाकवता येतो, कठड्यावर टेकवून ओढता येतो, टाइलला यातलं काहीच चालत नाही. ती उभ्या कडेवरच धरायची, सक्शन कपच्या फ्रेमला लावून, चार माणसं लागतात आणि आडवी झोपवली की स्वतःच्या वजनानेच वाकून तडकू शकते.

समजा वर आली. आता बाथरूमचं दार, अडीच बाय सात. टाइल लांब बाजूवर उभी करून आत सरकवता येईल. पण आत नेल्यावर ती भिंतीला लावायला उभी करायची तर फिरवताना कर्णाएवढी उंची लागते, १२०० बाय २४०० चा कर्ण येतो २.६८ मीटर. तुमच्या वरच्या फ्लॅटचं बाथरूम सन्क असेल, २००८ च्या बिल्डिंगमध्ये असणारच, तर त्यांचा खाली घेतलेला स्लॅब तुमच्या बाथरूमच्या डोक्यावर येतो आणि तिथली उंची बाकी घरापेक्षा फूटभर कमी भरते. म्हणजे टाइल फिरणारच नाही. आडवीच लावू म्हणाल तर ८ फुटाची भिंत प्लास्टर झाल्यावर जेमतेम २४०० भरते, कधी तेवढीही नाही, त्यात तेवढीच टाइल बसवायला हात घालायलाही जागा राहत नाही. त्यामुळे ५ बाय ८ च्या बाथरूममध्ये ४ बाय ८ चा अख्खा नग बऱ्याचदा लागतच नाही, बाहेर कापून दोन तुकडे करून न्यावा लागतो. मग मोठ्या नगाचे पैसे कशाला मोजायचे?

माझं मत: भिंतीला ८०० बाय १६०० एमएम (म्हणजे २.५ बाय ५ फूट) बघा. वजन २७ किलोच्या आसपास, दोन माणसं नीट हाताळतात, लिफ्टमधून जाते. उभी लावली तर एक अख्खी आणि वर अर्धी, ८ फूट उंची पूर्ण. सगळ्या भिंतीभोवती एकच आडवा सांधा येतो तोही डोक्याच्या पातळीच्या आसपास, पाणी आणि साबण फारसा तिथे साचत नाही.

तात्या_सांगली

साइटवरचा यांनी मापाचं बरोबर लिहिलंय. पण मला एक सांगा, टाइल चिकटवायला सिमेंटऐवजी तयार ॲडेसिव्ह वापरायचं हे जे हल्लीचं खूळ आहे ते खरंच लागतं का? आमच्या सांगलीच्या घरी १९९४ साली साध्या सिमेंटवर लावलेल्या टाइल्स आहेत, एक हललेली नाही. २०१९ चा पूर घरात आला होता, चिखल धुतला, टाइल्स जागच्या जागी. त्या गवंड्याने टाइल्स रात्रभर पिंपात भिजत घातल्या होत्या, सकाळी सिमेंट फासून एकेक ठोकून बसवली. आता हे लोक पोतंभर ॲडेसिव्हचे एवढे पैसे घेतात, सामान्य माणसाने कुठवर खर्च करायचा? माल चांगला आणि हात चांगला असला की सिमेंटने पण काम होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

साइटवरचा

तात्या, तुमच्या घरचं काम शंभर टक्के बरोबर झालंय, त्यात शंकाच नाही. पण ती टाइल वेगळी होती. जुन्या भिंतीच्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर पाणी पिते, म्हणून भिजवायची आणि म्हणून सिमेंटचं पाणी तिच्यात शिरून घट्ट धरायचं. आताची व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का पण पाणी पीत नाही, काचेसारखीच झाली ती. सिमेंट तिच्या पाठीला चिकटल्यासारखं दिसतं, वाळलं की सुटतं. छोटी टाइल चारी बाजूंच्या आधाराने तरी राहते, पण २७ किलोची टाइल डोक्याच्या उंचीवरून सुटली तर काय होईल याचा विचार करा, घरात लहान मुलं म्हातारी माणसं असतात.

आणि हो, व्हिट्रिफाइड टाइल ॲडेसिव्हवर लावताना अजिबात भिजवायची नाही, कित्येक मिस्त्री अजून सवयीने पिंपात टाकतात.

पोत्यावर आयएस १५४७७ (टाइल ॲडेसिव्हचं भारतीय मानक) बघायचं, त्यात टाइप १ ते ५ असतात. टाइप १ आतल्या फरशीच्या साध्या सिरॅमिकसाठी, ते इथे नको. मोठ्या व्हिट्रिफाइडला भिंतीवर मी टाइप ३ शिवाय लावू देत नाही. पोत्यावर सी२टीई असं असेल तर उत्तम, सी२ म्हणजे वरच्या दर्जाचं सिमेंटचं ॲडेसिव्ह, टी म्हणजे भिंतीवरून खाली घसरत नाही, ई म्हणजे पसरल्यावर जरा जास्त वेळ ओलं राहतं. पुढे एस१ असेल तर थोडं लवचीक असतं, आरसीसीच्या भिंतीला आणि उन्हाच्या बाजूच्या भिंतीला मी तेच घेतो.

गवंडीपुत्र

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे वडील गवंडी, मी स्वतः ठाणे-मुंबईत टाइलची कामं घेतो. तात्यांच्या प्रतिसादातला गवंडी म्हणजे आमच्या वडिलांची पिढी, त्यांचा हात खरंच सोन्याचा, पण माल बदलला तसा हात पण बदलायला लागतो आणि ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, साइटवरच शिकलो.

मागच्या उन्हाळ्यात ठाण्यात एका घरी बोलावलं, टाइल्स दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या, २.५ बाय ५, राखाडी मॅट, दिसायला काम एकदम फर्स्टक्लास. शॉवरच्या भिंतीत सांध्यातून पाणी झिरपत होतं. मी एक रुपयाचं नाणं घेऊन टाइलवर फिरवत वाजवत गेलो, कोपऱ्यांना भरीव आवाज, मध्ये सगळीकडे ढबढब. सक्शन कप लावून एक टाइल ओढली तर फारशी ताकद न लावता हातात आली. मागे पाच गोळे. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. गोळ्यांवर टाइलच्या पाठीच्या रेघा उमटलेल्या पण एकही गोळा पाठीला धरलेला नाही, बाकीची पाठ कोरीच्या कोरी, गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यातून आली तशी, कारखान्याचा शिक्का सुद्धा वाचता येत होता. आणि गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचून भिंतीला हिरवट काळी बुरशी. वापरलेलं ॲडेसिव्ह चांगल्यातलं होतं, रिकामी पोती बाल्कनीत होतीच. म्हणजे माल महागाचा आणून सिमेंटसारखे गोळे मारले. आमच्यात याला लाडू मारणं म्हणतात आणि अजून सगळीकडे चालतं, कारण लाडू मारले की वाकडी भिंत झाकून घेता येते, टाइल दाबून ओळंब्यात आणता येते, भिंत नीट करायचा दिवस वाचतो.

म्हणून अबोलीताई, मिस्त्रीशी टाइलच्या आधी भिंतीबद्दल बोला. जुन्या टाइल्स काढल्या की खाली विटा दिसेपर्यंत उकरायचं, नवीन प्लास्टर, आणि प्लास्टर झाल्यावर ३ मीटरची ॲल्युमिनियमची फळी भिंतीला उभी आडवी तिरकी लावून बघायची, फळी आणि भिंतीच्या मध्ये ३ एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे आधी भरून घ्यायचं. चारी कोपऱ्यांना गुनिया (काटकोन तपासायचं साधन) लावायचा. २ फुटाच्या टाइलला भिंतीतला बाक खपतो, ५ फुटाच्या टाइलला खपत नाही, ती सरळ आहे आणि सरळच राहणार. त्या प्लास्टिकच्या लेव्हलिंग क्लिपा असतात ना, त्या शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरतात एवढंच त्यांचं काम, वाकडी भिंत त्या सरळ करत नाहीत, पण लोक त्यांच्याच भरवशावर राहतात.

लावताना: टाइलची पाठ ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, भट्टीतली पांढरी पावडर असते तिच्यावर काहीच धरत नाही. भिंतीवर दात्यांच्या थापीने, १० किंवा १२ एमएमचे दाते, ॲडेसिव्हच्या रेघा ओढायच्या, सगळ्या एकाच दिशेला, आखूड बाजूला समांतर, म्हणजे दाबल्यावर हवेला बाहेर पडायला जवळचा रस्ता मिळतो. गोल गोल फिरवून डिझाइन काढलं की हवा आत अडकलीच. टाइलच्या पाठीला पण सपाट थापीने पातळ थर घासून लावायचा. मग सक्शन कपने टेकवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी पुढेमागे सरकवायची, रेघा मोडून सपाट व्हायला पाहिजेत. बाथरूममध्ये पाठ ९५ टक्के भरलेली हवी. हे बघायचं कसं, तर लावलेली पहिलीच टाइल लगेच ओढून काढायला सांगायची. जो मिस्त्री कुरकुर न करता काढून दाखवतो त्याला काम द्या.

पोत्यांचा हिशोब पण यात बदलतो. थर ६ एमएमपर्यंत जातो, २० किलोच्या पोत्यात २५ चौरस फुटाच्या आसपास होतं. मिस्त्रीने ५० फुटाचा हिशोब दिला तर तो एकतर पातळ मारणार किंवा लाडू मारणार.

मृण्मयी_डोंबिवली

भिंतीचं तुम्ही लोकांनी मस्त लिहिलंय, मी फरशीचं लिहिते कारण आम्ही ते भोगतोय. बिल्डरकडून फ्लॅट घेतला तेव्हा बाथरूमच्या फरशीला मोठ्या चौकोनी टाइल्स होत्या, ४ बाय ४ असाव्यात, तीन-चार टाइल्समध्ये सगळी फरशी. दिसायला हॉटेलसारखं. नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) एका कोपऱ्यात. अंघोळ झाली की दाराजवळ आणि कमोडच्या मागे पाणी उभं राहतं, रोज वायपर मारायचा, नाही मारला तर संध्याकाळपर्यंत तसंच. मोजे घालून चुकून पाय टाकला की संपलं. आई आली होती राहायला तेव्हा ती घसरून भिंतीला धरून वाचली, त्या दिवसापासून आम्ही रबरी मॅट टाकलीय आणि मॅटच्या खाली शेवाळ. अबोली, सासूबाई आहेत म्हणून कळकळीने सांगते, फरशीला एकसंध दिसण्याच्या मागे लागू नकोस.

साइटवरचा

मृण्मयीताईंनी लिहिलंय ते अगदी नेहमीचं दुखणं आहे. कारण सरळ आहे. कोपऱ्यात किंवा मध्ये गोल ट्रॅप असला की फरशीला दोन किंवा चार बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, म्हणजे पृष्ठभागाला मोड येणार. छोटी टाइल त्या मोडाबरोबर जाते, ४ फुटाची टाइल जात नाही. मग मिस्त्री काय करतो, ढाळ देतच नाही, जवळपास सपाटच लावतो.

ढाळ किती हवा: १ ला ८० धरा, फुटाला साधारण पावणेचार एमएम. ३ फुटाच्या शॉवरच्या जागेत ११-१२ एमएम. पूर्ण ८ फुटात द्यायचा म्हटलं तर ३० एमएम होतो, तेवढी उंची दाराच्या उंबऱ्याशी मिळते का ते कोबा (टाइलखालचा ढाळाचा थर) करायच्या आधी बघायचं.

मोठी टाइल फरशीला घ्यायचीच असेल तर दोन रस्ते. एक, भिंतीच्या कडेला लांब चॅनेल ड्रेन टाकायचा, मग सगळा ढाळ एकाच दिशेला जातो आणि मोठी टाइल सरळ तिरपी बसते. तुम्ही कोबा उकरताय म्हणजे हे करायची हीच वेळ. चॅनेलचं तोंड खालच्या ट्रॅपला जोडायचं, ट्रॅपमध्ये पाण्याचं सील राहिलंच पाहिजे नाहीतर घरभर वास. आणि चॅनेलच्या आतली जाळी हाताने काढता येते ना ते दुकानातच बघा, केस अडकतात, दर आठवड्याला काढावी लागते. दुसरा रस्ता, ट्रॅप आहे तिथेच ठेवायचा आणि ट्रॅपपासून चार कोपऱ्यांकडे पाकिटाच्या घडीसारखे तिरपे कट मारायचे. हे पाणी काढतं, पण ते कट दिसतात आणि मोठ्या टाइलचा सगळा डौल जातो.

तिसरं मला स्वतःला सगळ्यात आवडतं. भिंतीला जे डिझाइन घेतलंय तेच फरशीसाठी मॅटमध्ये मिळतं का विचारायचं, आणि शॉवरच्या भागात तीच टाइल १ बाय १ फुटाचे तुकडे करून लावायची. रंग एकच, ढाळ नीट, आणि सांध्यांमुळे पायाला पकड. ग्लॉसी टाइल बाथरूमच्या फरशीला कधीही नाही, कुणी काहीही सांगू दे. मॅटमध्येसुद्धा न घसरण्याची श्रेणी आर१० किंवा आर११ आहे का विचारा, पण ती चाचणी बुटाच्या पायाची असते, अनवाण्या पायाची वेगळी असते, ए-बी-सी अशी, त्यातलं बी मिळालं तर शॉवरला चांगलं. सँपल घरी आणा, साबणाचं पाणी ओता आणि अनवाणी उभे राहून बघा, कागदापेक्षा त्याच्यावर माझा विश्वास जास्त.

जर्सीची_जाई

इकडे न्यू जर्सीत आम्ही गेल्या वर्षी मास्टर बाथ केलं म्हणून दोन शब्द. इथली घरं लाकडी, फरशी म्हणजे जॉइस्टवर (लाकडी तुळयांवर) प्लाय, त्यामुळे इथे पहिला प्रश्न लवचिकतेचा. माणूस चालला की लाकूड किंचित दबतं, टाइल दबत नाही, मोठी तर अजिबातच नाही. गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या) लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त लाकूड वाकता कामा नये असा नियम आहे, दगड लावणार असाल तर त्याच्या निम्मंच चालतं. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने खालून जॉइस्टना जोड दिले, वर प्लायचा एक थर वाढवला, त्यावर प्लास्टिकचं जाळीदार मेंब्रेन आणि मग टाइल. भिंतीला नुसत्या ड्रायवॉलवर (जिप्समच्या बोर्डवर) शॉवरमध्ये टाइल लावायची नाही, सिमेंट बोर्ड आणि त्यावर वॉटरप्रूफिंग. मग शॉवर पॅनमध्ये पाणी भरून २४ तास ठेवलं, पातळी खाली गेली नाही हे बघितल्यावरच पुढचं काम.

तुमच्याकडे आरसीसी स्लॅब आहे म्हणून दबण्याचा प्रश्न नाही, पण पाणी कोंडून बघायची टेस्ट मात्र नक्की करून घे. आणि माझा फरशीचा अनुभव मृण्मयीच्या बाजूने, भिंती मोठ्या आणि शॉवरमध्ये खाली २ इंचाचं मोझेक, मुलं पळत येतात तरी कधी घसरली नाहीत.

साइटवरचा

जाई यांना अनुमोदन. अबोलीताई, तुमचा मूळ प्रश्न खालच्यांच्या ओलीचा आहे हे विसरू नका. टाइल कितीही मोठी आणि जॉइंट कितीही कमी असले तरी पाणी अडवायचं काम टाइलचं नाही, ते खालच्या वॉटरप्रूफिंग कोटिंगचं. सन्कमधला (खाली घेतलेल्या स्लॅबमधला) जुना भराव काढा, पाइप बदला, कोटिंगचे दोन थर, भिंतीवर शॉवरच्या बाजूला छताच्या जवळपास आणि बाकी भिंतींना निदान फूटभर. पाइप जिथून स्लॅबमधून जातो तिथे आणि कोपऱ्यांत जाळीची पट्टी. मग पाणी कोंडून ४८ तास, आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघून या. दुसऱ्या थरावर ओला असतानाच जाडसर कोरडी वाळू भुरभुरली की वर प्लास्टर-कोबा चांगला धरतो.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमचं जुनं घर चिऱ्याचं, बाथरूम नंतर जोडलेलं, भिंती ओळंब्यात कशाला असतील, वर आणि खाली इंचभर फरक. मिस्त्री म्हणाला टाइलच्या मागे जाड माल भरतो, मी वडिलांच्या ओळखीतल्या इंजिनीयरला विचारलं तर तो म्हणाला अजिबात नको, ॲडेसिव्ह एवढं जाड भरलं की आवळतं आणि टाइल ओढते. मग प्लास्टरच दोन थरांत करून सरळ केलं. आणि पावसात काम काढू नका एवढं सांगतो, जुलैत आमच्याकडे प्लास्टर वाळतच नाही, त्यावर घाईने मोठ्या टाइल्स लावल्या तर ओल मागेच राहते कारण सांधेच कमी, तिला बाहेर यायला जागा नाही. आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबलो.

अबोली

किती सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. लिफ्टचं दार मोजलं, २ मीटरच आहे, आणि बाथरूमची उंची हॉलपेक्षा बरीच कमी भरली, साइटवरचा दादा म्हणाले तसंच, वरच्यांचा स्लॅब खाली उतरलेला. नवऱ्याला टेप धरायला लावून दाखवलं तेव्हा ४ बाय ८ चा विषय संपला. आता ८०० बाय १६०० वर एकमत झालंय, भिंतीला मातकट रंगाची मॅट.

अजून तीन शंका आहेत. एक, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पाणी जड, पांढरे डाग पडतात, त्याला कुठलं ग्राउट (सांध्यात भरायचा माल)? दोन, नळाचा मिक्सर आणि भिंतीतला कन्सील्ड पाइप पुढे कधी गळला तर एवढी मोठी टाइल फोडायची का? तीन, सासूबाईंसाठी भिंतीला धरायचे दांडे लावायचेत, टाइल तडकणार नाही ना?

तात्या_सांगली

अबोली, दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो, प्लंबिंगचा धंदा होता माझा. टाइल लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेव, पाइपच्या शेजारी टेप धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे फोटोत वाचता आलं पाहिजे. आणि पाइपमध्ये पंपाने प्रेशर देऊन रात्रभर काटा बघायचा, उतरला तर कुठेतरी गळतंय. हे केलं तर फोडायची वेळ सहसा येत नाही, आणि आलीच तर नेमकी कुठली टाइल काढायची ते कळतं. दोन-तीन टाइल्स जास्तीच्या घेऊन पलंगामागे उभ्या ठेव, खोक्यावरचा बॅच नंबर लिहून. त्याच नावाची टाइल दोन वर्षांनी आणलीस तर शेड जुळत नाही, आणि मोठ्या टाइलमध्ये एक एमएमचा मापातला फरक पण सांध्यात दिसतो.

बाकी सिमेंट विरुद्ध ॲडेसिव्हचं साइटवरचा यांचं पटलं मला, टाइलच वेगळी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गवंडीपुत्र

ग्राउट इपॉक्सीच घ्या, सांधा निदान २ एमएम ठेवा, शोरूममध्ये टाइल टाइलला चिकटवून दाखवतात तसं करू नका, स्लॅब-भिंत थोडीफार हलतेच, कडा एकमेकांवर दाबून टवके उडतात. इपॉक्सी भरल्यावर टाइलवर जो पातळ पापुद्रा राहतो तो त्याच दिवशी स्पंजने काढून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी निघत नाही आणि मॅटवर तर कायमचा बसतो. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन, तो तिथे तडकत नाही. टँकरच्या पाण्याच्या डागाला अंघोळीनंतर रबरी वायपर भिंतीवर एकदा फिरवणं हाच खरा उपाय. साफसफाईला येणाऱ्या बाईंना ॲसिड आणू देऊ नका, नळांची पॉलिश जाते आणि कुठे सिमेंटचं ग्राउट असेल तर ते खाऊन टाकतं.

बाहेरच्या कोपऱ्यांना, खिडकीच्या कडेला आणि सामान ठेवायच्या कोनाड्याला ४५ चा कट मारून धार काढतात, दिसतं छान पण ती धार टोकदार राहते आणि बादली लागली की टवका. सासूबाई आहेत तर धार घासून गोल करून घ्या किंवा पट्टी बसवा.

भोकांचं सांगतो. मिक्सरचं, नळाचं भोक टाइल लावायच्या आधी खाली ठेवून, हिऱ्याच्या गोल बिटाने, पाणी मारत मारत. चौकोनी कापायचं असेल, समजा स्विचबॉक्ससाठी, तर आधी चारी कोपऱ्यांना छोटी गोल भोकं पाडायची आणि मग ती जोडत कापायचं. थेट चौकोन कापला की आतल्या कोपऱ्यातून चीर निघते, कधी लगेच नाही, लावल्यावर महिन्याने. आणि मिस्त्रीला कटिंग पाणी लावूनच करायला सांगा, निदान चांगला मास्क आणून द्या. या टाइलची धूळ छातीत बसते आणि परत निघत नाही, आमच्या नात्यात एक जण ग्राइंडर चालवून चालवून पन्नाशीच्या आत दम्यासारखा धापा टाकायला लागला. घरमालकाने मास्क दिला तर पोरं घालतात.

अबोली

हे मास्कचं लिहिलंत ते फार बरं केलंत दादा, कटिंग पार्किंगमध्ये पाणी लावूनच करायचं असं मिस्त्रींशी बोलून ठेवते, मास्क मी आणते.

दांड्यांचं राहिलं तेवढं सांगाल का? कमोडच्या बाजूला एक आणि शॉवरमध्ये एक असे दोन हवेत. शॉवरची भिंत विटेची आहे पण कमोडमागची पाच इंची ब्लॉकची असावी, ठोकलं की पोकळ वाजते.

गवंडीपुत्र

दांड्यांच्या जागा आत्ताच ठरवा, प्लास्टरच्या आधी. सासूबाईंना स्वतः कमोडवर बसवून, उठताना हात कुठे जातो तिथे भिंतीवर खडूने खूण करा, कॅटलॉगमधल्या उंचीवर जाऊ नका, प्रत्येकाचा हात वेगळा. ब्लॉकच्या भिंतीत खुणेच्या जागचा ब्लॉक काढून तिथे काँक्रीट भरून घ्या, दीड बाय दीड फूट पुरे, म्हणजे स्क्रू काँक्रीटमध्ये जाईल. नाहीतर ब्लॉकमधून प्लग ओढून निघतो आणि दांडा हातात येतो. प्लास्टर झाल्यावर त्या जागेचा मापासकट फोटो, तात्यांनी सांगितला तसा.

टाइल लागून ॲडेसिव्ह पक्कं झालं की आठवडाभराने भोक पाडा. टाइल संपेपर्यंत हिऱ्याचा बिट, ड्रिलचा हॅमर बंद, पाणी मारत. टाइल आरपार झाली की बिट बदलायचा, मग हॅमर चालू करून भिंतीत जायचं. टाइलमधलं भोक प्लगपेक्षा किंचित मोठं ठेवायचं म्हणजे स्क्रू आवळताना ताण टाइलवर येत नाही, आणि भोकात सिलिकॉन भरून मगच प्लग, नाहीतर पाणी तिथून आत जातं. त्या टाइलच्या मागे पोकळ असेल तर मात्र दांडा आवळला की टाइल तडकणारच, म्हणून त्या दोन टाइल्स लावताना तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि दाबून झाल्यावर काढून पाठ बघा. भरलेली नसेल तर परत लावायला सांगा, पहिल्या अर्ध्या तासात काही नुकसान नाही, खरवडून नवीन माल लावला की झालं.